अजून किती निघाले असते?

सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवलं. स्नॅचमध्ये (रॉड एका दमात डोक्यावर) ११३ किलो, क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १३५, एकूण २४८. सुवर्ण मलेशियाच्या अनिक कसदाननं नेलं, २४९ किलोवर. १३५ नंतर संकेतनं १३९ किलोचे दोन प्रयत्न केले, ते जमले नाहीत आणि उजवं कोपर दुखावलं. १३५ आणि १३९ मधला फरक जेमतेम तीन टक्के. वेटलिफ्टरचा सगळा व्यवहार अशा दोन-तीन टक्क्यांत चालतो. आपल्यातल्या बहुतेकांना मात्र आपण ताकदीच्या निम्म्यावर आहोत की ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे आपल्या व्यायामाची तीव्रता किती, याचाही पत्ता नसतो.

संध्याकाळी सातला विश्रामबागेतल्या कुठल्याही जिममध्ये हे बघायला मिळतं. बेंचवर उताणं झोपून, छातीवरून रॉड वर ढकलत, पन्नास किलोवर दहा रेप मारून (म्हणजे दहा वेळा वर-खाली करून; अशा सलग रेपचा एक सेट) पोरगं रॉड रॅकला लावतं. टी-शर्ट भिजलेला, चेहरा लालबुंद. ट्रेनर विचारतो, “अजून किती निघाले असते रे?” “दोन निघाले असते की सर.” दोन-तीन मिनिटं थांबवून ट्रेनर त्याला परत बेंचवर झोपवतो, स्वतः डोक्याशी उभा राहतो आणि सांगतो की आता मोजू नको, ढकलत राहा. रॉड अडकतो तो सोळाव्या रेपला. आधीच दमलेल्या छातीनं पंधरा काढले, आणि पठ्ठ्या बारावर गाडी थांबेल म्हणत होता.

यात त्या पोराचा आळस नाही. ब्राझीलमध्ये व्यायामाची सवय असलेल्या १६० पुरुषांना विचारलं गेलं की बेंच प्रेसचे, म्हणजे याच व्यायामाचे, दहा रेप मारायला तुम्ही किती वजन घेता? मग त्याच वजनावर त्यांना शेवटपर्यंत जायला लावलं. सरासरी सोळा रेप निघाले. ठरलेला आकडा आला की आपण थांबतो आणि त्यालाच ‘दमलो’ म्हणतो.

मुळात तीव्रता म्हणताना दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली म्हणजे वजन किती भारी. एकदाच, जेमतेम उचलता येईल त्या वजनाला वन रेप मॅक्स म्हणतात आणि बाकी सगळं त्याच्या टक्क्यांत मोजतात. त्यासाठी जिवावर उदार होऊन एकदम मोठं वजन घ्यायची गरज नाही. रेपच्या संख्येला ३० नं भागा, त्यात १ मिळवा आणि येईल त्यानं वजनाला गुणा. या एप्लीच्या सूत्रानं आपल्या पोराचा मॅक्स साधारण ७५ किलो येतो, म्हणजे ५० किलो हे त्याचे ६७ टक्के. रेप दहाच्या वर गेले की सूत्र ढिलं पडतं, तेव्हा हा आकडा अंदाजे धरायचा. दुसरी गोष्ट म्हणजे सेट संपवताना किती रेप शिल्लक होते. माझ्या मते हौशी माणसानं आधी हीच बघावी.

कारण स्नायूच्या आत आहे. स्नायूतले तंतू गटागटानं कामाला लागतात आणि प्रत्येक गटाला हुकूम देणारी एक चेतापेशी असते. एल्वुड हेनेमन या अमेरिकी शास्त्रज्ञानं गेल्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की आधी छोटे गट जुंपले जातात आणि गरज वाढेल तसे मोठे. मोठे गट ताकदवान, पण लवकर दमणारे, म्हणून शरीर त्यांना राखून ठेवतं. वजन भारी असेल तर ते पहिल्या रेपपासूनच लागतात. वजन मध्यम असेल तर आधीचे तंतू थकल्यावर, म्हणजे सेटच्या शेवटाकडे. आपलं पोरगं दहावर थांबलं तेव्हा ज्यांच्यासाठी जिमची फी भरली ते तंतू नुकते कुठे जागे होत होते. हलक्या वजनानंही, अगदी मॅक्सच्या ३० टक्क्यांनी, स्नायू जवळपास तितकाच भरतो, अट एवढीच की सेट शेवटाजवळ न्यायचा. निव्वळ ताकद वाढवायची तर मात्र भारी वजनाला पर्याय नाही.

मग तीव्रता घामावरून कळते का? सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा नुसतं बाकावर बसलं तरी घाम येतो. नाडीचे ठोके धावण्यासाठी बरं माप आहे, वजनासाठी नाही: तीन भारी रेपच्या सेटमध्ये ते फारसे चढायच्या आत सेट संपतो. आणि दुसऱ्या दिवशीचं ठणकणं हे बहुतेक वेळा नव्या व्यायामाचं किंवा पडलेल्या खंडाचं लक्षण असतं. गणपतीत दहा दिवस सुट्टी घेऊन परत आलेल्याच्या मांड्या जेवढ्या भरून येतात, तेवढ्या रोज दुप्पट वजन मारणाऱ्याच्या येत नाहीत.

तालमीतलं माप संख्येचं. पाचशे जोर, हजार बैठका. पैलवानाला दमसास हवा असतो, त्यामुळे त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. पण तीनशेच्या सहाशे बैठका झाल्या म्हणजे काम वाढलं, एका बैठकेमागचा भार तेवढाच राहिला. जुन्या वस्तादांना हे कळत नव्हतं असं कुणी समजू नये. खांद्यावर जोडीदार बसवून बैठका मारायला लावणं, दगडी नाल उचलायला लावणं, जड गदा हातात देणं, ही भार चढवायचीच तऱ्हा होती.

शिल्लक ओळखायची कशी, तर त्यासाठी दहाची पट्टी आहे. मूळ कल्पना स्वीडनच्या गुन्नार बोर्गची. त्याची पट्टी ६ ते २० होती, कारण तरुण माणसाची नाडी ६० ते २०० च्या दरम्यान असते. वजन उचलणाऱ्यांनी ती बदलून घेतली: एकही रेप शिल्लक नसेल तर दहा, एक असेल तर नऊ, दोन असतील तर आठ. पण अंदाज सांगताना जीभ फसवते, रॉड फसवत नाही. पूर्ण जोर लावूनही रॉड आपोआप मंदावू लागला की शेवट जवळ आला. दहावा रेप पहिल्याच्याच वेगानं वर जात असेल तर शिल्लक भरपूर आहे, चेहरा कितीही वाकडा होवो. मोबाइल बाजूनं उभा करून शेवटचा सेट शूट करा, पाच मिनिटांत कळेल. मुद्दाम सावकाश मारलेला रेप यात धरायचा नाही.

तीव्रता वाढवताना खरी अडचण येते ती लोखंडाची. बऱ्याच जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना एकेक लावली की पाच किलो वाढले. शंभर किलोवर ही वाढ पाच टक्के, चाळीस किलोवर साडेबारा. डंबेलचं तर विचारूच नका: दहावरून साडेबारावर जाणं म्हणजे एकदम २५ टक्के. बायका आणि नवखी पोरं एका वजनावर महिनोन् महिने अडकून पडतात त्यामागे हे गणितही आहे. सव्वा किलोच्या दोन प्लेटा मालकाकडे हट्टानं मागाव्यात. नाहीच आणल्या तर कुपवाड एमआयडीसीतला एखादा लेथवाला करून देईल. तोवर रेप वाढवायचे. आठवर सुरू करून बारापर्यंत जायचं, बारा मारूनही दोन शिल्लक वाटले की वजन चढवायचं आणि परत आठवर यायचं. हे वहीत लिहायचं, डोक्यात राहत नाही.

दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबायला लाजू नये. पहिल्या काही सेकंदांच्या जोराला स्नायूतला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा लागतो. तो अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो, बराचसा भरायला तीन-एक मिनिटं जातात. तीस सेकंदांत पुढचा सेट घेतला तर धाप लागते, कष्ट केल्यासारखं वाटतं आणि रेप मात्र घटतात. (रील्स बघत दहा मिनिटं घालवणाऱ्यांना ही सवलत नाही.)

प्रत्येक सेट पट्टीवरच्या दहावर, म्हणजे एकही रेप शिल्लक न ठेवता, नेणं हाही वेडेपणाच. एक ते तीन रेप शिल्लक ठेवून जवळपास सगळा फायदा मिळतो आणि उरलेल्या व्यायामाची वाट लागत नाही. कॅनडात १९८५ साली मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीतच रक्तदाब मोजला, तर दोन्ही पायांनी वजन ढकलायच्या लेग प्रेसमध्ये तो सरासरी ३२०/२५० पर्यंत चढला होता. निरोगी शरीर क्षणभर ते सोसतं. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यानं डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, श्वास कोंडू नये आणि तीन-चार रेप हातात ठेवूनच रॉड खाली ठेवावा.

बाकीच्यांनी महिन्यातून एखादा सेट खरोखर शेवटपर्यंत न्यावा. मशीनवर किंवा डंबेलनं. बेंचवर न्यायचा तर डोक्याशी माणूस उभा हवा. आधी वहीत लिहायचं किती निघतील, मग मारायचे, मग शेजारी खरा आकडा लिहायचा. सुरुवातीला फरक चार-पाचचा येतो. तो एकवर आला की रोजच्या सेटमधल्या ‘दोन शिल्लक’वर भरवसा ठेवायला हरकत नाही.