कीबोर्डच्या पोटातला संगणक

१९८२ साली आलेल्या कमोडोर ६४ला वेगळा डबा नव्हता. कळांच्या खालीच सारा संगणक बसवलेला असे आणि पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडला जाई. त्याच वर्षीच्या, रबरी कळांच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचीही रचना हीच होती. पुढे ती मागे पडली आणि २०२० साली रास्पबेरी पाय ४०० (थोडक्यात पाय ४००) या कीबोर्डमध्येच बसवलेल्या छोट्या संगणकाने ती पुन्हा चर्चेत आणली.

अशा चपट्या खोक्यात उष्णता कोंडून राहील, ही पहिली शंका कोणालाही येते. प्रत्यक्षात पाय ४०० उघडला, तर कळांखाली बरीचशी जागा व्यापणारा ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो. प्रोसेसरची उष्णता त्यावर पसरते आणि तिथून सावकाश बाहेर जाते, त्यामुळे पंख्याची गरज उरत नाही व यंत्र अगदी नि:शब्द चालते. पाय ४ हा सुटा बोर्ड बाजारात आला तेव्हा त्याचा वेग १.५ गिगाहर्ट्‌झ होता, तर त्याच घराण्यातला पाय ४०० सुरुवातीपासूनच १.८ गिगाहर्ट्‌झवर चालतो. म्हणजे कीबोर्डची लांबीरुंदी इथे अडचण न ठरता कामीच आली.

पडदा वेगळा असल्याने तो डोळ्यांच्या उंचीवर ठेवता येतो. लॅपटॉपवर मान खाली घालून तासन्‌तास बसणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको. मात्र बॅटरी आणि पडदा दोन्ही नसल्यामुळे प्रवासात हे यंत्र निरुपयोगी आहे. दोन ठिकाणी पडदे तयार असतील आणि मधे फक्त संगणक न्यायचा असेल, तरच त्याचा हलकेपणा उपयोगी पडतो. पाय ४००मध्ये पडद्यासाठी सूक्ष्म एचडीएमआय खाचा असल्याने नेहमीची केबल त्यात बसत नाही, आणि हेडफोनची खाच तर नाहीच.

माझ्या मते खरी अडचण वेगळीच आहे. संगणकाच्या सगळ्या भागांत सर्वाधिक मार खातो तो कीबोर्ड: बोटांचे आघात, धूळ आणि कधीतरी सांडलेले पाणी. साधा कीबोर्ड बिघडला तर तो टाकून दुसरा आणता येतो. इथे मात्र कळांमधून झिरपलेले पाणी थेट मुख्य बोर्डावर पोहोचू शकते. शिवाय टंकताना यंत्र थोडे सरकवले की मागच्या वीज, पडदा आणि माऊस अशा सगळ्या वायरी ओढल्या जातात. २०२५ सालच्या पाय ५००+मध्ये मेकॅनिकल कळा आणि २५६ गिगाबाइटची एसएसडी आल्याने टंकलेखनाचा अनुभव व साठवण सुधारली, पण कळफलक आणि संगणक यांची गाठ तशीच राहिली. एखादी कळ कायमची बसली, तर यूएसबीला दुसरा कीबोर्ड जोडून काम भागते खरे. मग टेबलावर दोन कीबोर्ड दिसतात आणि त्यांतला न चालणारा हाच संगणक असतो.