टीबीची लागण वेगळी, टीबीचा आजार वेगळा

"मॅडम, मला टीबी नाही ना, मग टीबीच्या गोळ्या कशाला?" एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) सेंटरवर समुपदेशनाला बसलं की हा प्रश्न रोज येतो. त्यात बाहेरच्या बाकावरून कुणीतरी सल्ला देतं, "घेऊ नका, उगाच टीबीचा पेशंट म्हणून नाव लागेल." आणि गोळ्या पिशवीतच राहतात.

टीबीचा आजार तुम्हाला ठाऊक आहे. खोकला, ताप, घटणारं वजन, रात्रीचा घाम. किमान सहा महिने उपचार, पहिले दोन महिने चार औषधं. त्यावर शब्द खर्चत नाही.

लागण म्हणजे जंतू शरीरात आहेत, पण प्रतिकारशक्तीने त्यांना दाबून ठेवलंय. माणूस ठणठणीत, त्याच्यापासून कुणाला धोका नाही. याला 'सुप्त टीबी' म्हणणं मला अजिबात पटत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात फक्त 'टीबी' उरतो. एचआयव्ही नसेल तर लागण झालेल्या १०० जणांपैकी ५ ते १० जणांना आयुष्यभरात कधीतरी आजार होतो. एचआयव्ही असून एआरटी चालू नसेल तर जवळपास तेवढाच धोका एकेका वर्षात असतो. एआरटीने तो बराच उतरतो, संपत नाही. म्हणून प्रतिबंधक गोळ्या: रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा रिफापेन्टिनसोबत आठवड्यातून एकदा, असे १२ डोस.

खरी फसगत पुढे आहे. "थुंकी निगेटिव्ह आली, म्हणजे टीबी नाही." हे वाक्य ऐकलं की माझा जीव खाली-वर होतो. फुफ्फुसात पोकळी पडते ती जंतूंशी झुंजणाऱ्या प्रतिकारशक्तीमुळे, आणि त्या पोकळीतूनच थुंकीत भरपूर जंतू येतात. एचआयव्हीमुळे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) खाली गेलेला असला की पोकळीच पडत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली थुंकी कोरी, कधी एक्स-रेही स्वच्छ, आणि लागण ओळखायची हातावरची मांटू टेस्टसुद्धा उठत नाही. आजार मात्र आत चालूच असतो.

एक ताई आल्या होत्या. खोकला नाही, ताप नाही. सलवारीची नाडी मात्र पूर्वीपेक्षा चांगली चार बोटं ओढून बांधलेली. कार्डावर पाहिलं तर तीन महिन्यांत वजन ४६ वरून ४१. कानाखाली मानेवर हात फिरवला तर गाठ लागली. गाठीत सुई घालून काढलेला नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, गेला, त्यात टीबी निघाला.

अशा वेळी प्रतिबंधक गोळ्या दिल्या असत्या तर? एकट्या आयसोनियाझिडने आजार बरा होत नाही, उलट जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. म्हणूनच गोळ्या देण्याआधी आम्ही खोकला, ताप, घटणारं वजन आणि रात्रीचा घाम यांबद्दलचे चार प्रश्न विचारतो. कृपा करून घाईने "नाही, नाही" म्हणू नका. दोन आठवडे खोकला असेल तरच टीबीची शंका घ्यायची, हा नियम एचआयव्ही असलेल्या तुम्हाला लागू नाही. कालपासून खोकला असेल तरी सांगा.

एचआयव्हीचा उपचार बाहेर कळू नये म्हणून टीबीच्या डॉक्टरांपासून एआरटीचं कार्ड लपवणारेही भेटतात. प्रतिबंधाच्या आयसोनियाझिडने एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाला धक्का लागत नाही. आजाराच्या उपचारातलं रिफाम्पिसिन मात्र रक्तातलं त्याचं प्रमाण घटवतं, त्यामुळे डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. ती जादाची गोळी कार्ड पाहिल्यावरच लिहून मिळते.