संबळाची नोंद म्हणजे संबळ नव्हे

वेरूळच्या दहा क्रमांकाच्या लेण्यात, ‘सुताराची झोपडी’ म्हणतात त्या चैत्यगृहात, कुणी एखादा सूर लावला की तो बराच वेळ घुमत राहतो. लाकडी वाशांची नक्कल करत दगडात कोरलेलं कमानी छत, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, समोर स्तूपापुढे बसलेले बुद्ध. इथे तुळजापूरच्या गोंधळातला संबळ वाजला तर कसा ऐकू येईल? परवानग्या काढत बसण्यापेक्षा हे संगणकावर करून बघता येतं. लेणं आकड्यांत बांधता येतं. संबळ मात्र खरा हवा, म्हणजे मायक्रोफोनने टिपलेला. खरी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

आधी लेणं. आतली हवा बारीक घनाकृती खणांत विभागायची आणि प्रत्येक खणातला दाब आणि हवेचा वेग शेजारच्या खणांवरून क्षणाक्षणाला मोजत जायचा. लहर नीट पुढे सरकायची तर एका तरंगलांबीत साधारण १० खण लागतात. २००० हर्ट्‌झच्या आवाजाची तरंगलांबी १७ सेंटिमीटर, म्हणजे खण १.७ सेंटिमीटरचा. असं सभागृह ३००० घनमीटरचं धरलं तरी ६० कोटी खण होतात. शिवाय काळाची पावलंही बारीक हवीत, कारण एका पावलात लहर खण ओलांडून गेली तर गणित फुटतं आणि आकडे भरमसाट वाढत जातात. इथे सेकंदाला सुमारे ३५,००० पावलं पडतील. वरची मर्यादा ४००० हर्ट्‌झ केली की काम थेट १६ पट. म्हणून हौशी माणसाने २००० वर समाधान मानावं.

संबळाच्या नोंदीत साधारणपणे सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे दाबाचे आकडे, असतात. ती आधी सिम्युलेशनच्या पावलांशी जुळवून घ्यायची, आणि खणांच्या जाळीला न पेलणारे वरचे स्वर गाळून टाकायचे. गाळले नाहीत तर ते चुकीच्या वेगाने फिरतात आणि संबळाच्या प्रत्येक ठोक्यामागे एक खोटी किणकिण ऐकू येते.

इथवरचं सगळं सॉफ्टवेअर करून देतं. खरा प्रश्न नोंद कुठे केली हा आहे. मंगल कार्यालयातल्या गोंधळाची नोंद घेतली, तर तिच्यात त्या हॉलच्या भिंती आलेल्याच आहेत. ती लेण्यात सोडली की हॉलमधल्या संबळाला लेण्याचा घुमारा चढतो, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही जागा एकदम ऐकू येतात. प्रयोगशाळेत यासाठी प्रतिध्वनीरहित खोली असते. आपल्याकडे नांगरून ढेकळं पडलेलं मोकळं काळं रान, तेही वारा पडलेल्या पहाटे, बऱ्यापैकी चालतं. भुसभुशीत माती आवाज पुष्कळ शोषून घेते.

आता समजा नोंद कोरडी मिळाली. तरी ती तशीच एका खणात ओतायची नाही. मायक्रोफोनने टिपलेला असतो दूर पोचलेला दाब. उगमापाशी घडत असतं ते वेगळं: तिथे कातडं हवा पुढे ढकलतं आणि मागे ओढतं. त्रिमितीत दूर पोचणारा दाब हा या ढकलण्याच्या बदलाच्या दराच्या प्रमाणात असतो. म्हणून नोंदीतले आकडे दर पावलाला खणात मिळवत गेलं, तर बाहेर पडणाऱ्या लहरीत उंच स्वर फुगतात आणि संबळाचा खर्ज नरम पडतो. वारंवारता दुप्पट झाली की स्वर ६ डेसिबलने चढतो, असा हा कल. उपाय साधा आहे: नोंदीचं आधी संकलन करायचं, म्हणजे आकड्यांची बेरीज करत जायचं. त्याआधी शांततेतही नोंदीत राहणारा मायक्रोफोनचा स्थिर फरक काढून टाकायचा, नाहीतर नोंदीतला नगण्य फरक बेरीज होत होत डोंगर होतो.

आणखी एक मोह टाळावा लागतो. काही जण आकडे मिळवण्याऐवजी त्या खणातला दाब नोंदीइतकाच असावा अशी सक्ती करतात. याला ‘हार्ड सोर्स’ म्हणतात. सुरुवातीला आवाज झकास येतो. पण छतावर आपटून परतलेली लहर त्या खणाशी पोचली की तिला वाट मिळत नाही, कारण तिथला दाब आपण ठरवून टाकलेला असतो. लेण्यात नसलेला अडथळा आपणच उभा केला. मिळवणारा ‘सॉफ्ट सोर्स’ परतीच्या लहरीला मुकाट जाऊ देतो. घुमणाऱ्या जागेसाठी तोच घ्यावा, असं माझं मत.

नोंद थेट, संकलन न करता वापरण्याची एक जागा मात्र आहे, आणि ती या विषयातली सगळ्यात सुंदर बाब आहे. समजा लेण्यात ठिकठिकाणी मायक्रोफोन लावले. प्रत्येकाची नोंद शेवटाकडून सुरुवातीकडे उलटी केली आणि त्याच जागांवरून पुन्हा सोडली. लहरीच्या समीकरणाला काळाची दिशा कळत नाही. त्यामुळे त्या लहरी आल्या वाटेने परततात आणि संबळ जिथे होता तिथे एकवटतात. पॅरिसमध्ये माथियास फिंक यांनी १९९० च्या दशकात हे पराश्रव्य, म्हणजे कानाला ऐकू येण्यापलीकडच्या, ध्वनीवर करून दाखवलं.

मराठवाड्यात लहरींचा उगम म्हटला की किल्लारी आठवतंच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं नुकती निजली होती. हीच उलटी वाट भूकंपालाही लागू पडते. २००४ च्या सुमात्रा भूकंपाच्या जगभरच्या नोंदी संशोधकांनी २००६ मध्ये पृथ्वीच्या संगणकीय प्रतिरूपात उलट्या सोडल्या, तेव्हा लहरी फुटलेल्या भ्रंशाकडे परत गेल्या. खडकातल्या लहरी हवेतल्यापेक्षा क्लिष्ट असतात, पण युक्ती तीच.

पडद्यावर हे पाहताना एकच पथ्य. लहर उगमाशी एकवटते, पण तिथे थांबत नाही. ती ओघळून शोषली जाईल अशी काही सोय सिम्युलेशनमध्ये नसते, म्हणून ती आरपार जाऊन पुन्हा पसरते. उगम शोधायचा तर शेवटचं चित्र उपयोगाचं नाही. दाब सगळ्यात जास्त कुठे आणि केव्हा चढला, ते प्रत्येक पावलाला नोंदवून ठेवावं लागतं.