सौर कृषिपंपाचा अर्ज: आधी सातबारा बघा, मग मोबाईल हातात घ्या

‘मागेल त्याला सौर कृषिपंप’. नाव ऐकलं की वाटतं, मागितला की दारात आला. अर्ज भरायला खरंच फार वेळ लागत नाही. अडतं ते सातबाऱ्यावर. आमच्या भावकीतल्या एकाची विहीर तीस वर्षं जुनी, बारमाही पाणी, पण सातबाऱ्यावर तिचा पत्ताच नाही. अर्ज त्रुटीत गेला आणि नोंद होईपर्यंत सबंध रब्बी डिझेल इंजिनावर काढावी लागली. म्हणून अर्जाच्या आधीची गोष्ट आधी सांगतो.

राज्याने ही योजना 2024 मध्ये आणली आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात साडेआठ लाख पंपांचं उद्दिष्ट जाहीर झालं. मुळात हा वीज धोरणातला बदल आहे. शेतीचा भार दिवसाच्या उन्हावर न्यायचा, म्हणजे कोळशाची वीजही वाचते आणि रात्रपाळीची लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन साप-बिबट्याच्या भीतीत बारे द्यायला जाणंही टळतं. केंद्राच्या कुसुम योजनेचं अनुदान आणि त्यावर राज्याचा वाटा, असा पैसा येतो. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने किमतीच्या फक्त 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. त्यात पॅनल, पंप, कंट्रोलर असा पूर्ण संच येतो. पुढे महिन्याचं बिल नाही.

मिळतो कोणाला? शेतात पाण्याचा शाश्वत स्रोत हवा: विहीर, बोअर, शेततळं किंवा शेताला लागून बारमाही वाहणारी नदी-नाला. जलसंधारणाच्या कामात अडवलेलं पाणी उपसायला हा पंप मिळत नाही. शेतात पारंपरिक वीजजोडणी नसावी. अटल सौर किंवा मुख्यमंत्री सौर कृषिपंप योजनेतून आधी पंप घेतला असेल तर पुन्हा नाही. विजेच्या जोडणीसाठी कोटेशन भरून वर्षानुवर्षं बसलेल्यांनी ती पावती शोधून ठेवावी, अर्जात तिचा उपयोग होतो.

पंप किती एचपीचा, हे जमिनीवर ठरतं. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, त्यापुढे पाच एकरापर्यंत 5 एचपी आणि पाच एकरांच्या वर 7.5 एचपी. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तिथे लोक गोंधळतात. अडीच एकर म्हणजे साधारण 1 हेक्टर 1 आर, पाच एकर म्हणजे 2 हेक्टर 2 आर. पात्रतेपेक्षा लहान पंप मागता येतो. उथळ विहिरीत, जिथे पाणी तासाभरात तळाला जातं, तिथे मोठ्या पंपाचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही; तुमचा 10 टक्क्यांचा आकडाही त्यानुसार वाढतो.

आता सातबारा. महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघतो. तो काढा आणि तीन गोष्टी बघा. पहिली, विहीर किंवा बोअरची नोंद. नसेल तर तलाठ्याकडे जा (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठी आप्पाच म्हणतात) आणि नोंदीसाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं काम राहून जातं. दुसरी, नावं. तुमच्याबरोबर भाऊ, बहिणी, चुलते यांची नावं असतील तर त्या प्रत्येकाचं ना हरकत पत्र मुद्रांक कागदावर लागतं. खरी कसरत इथे आहे. एक भाऊ पुण्यात, एक बहीण सुरतेला दिलेली. सही मिळवायला सणावाराचा मुहूर्त साधावा लागतो. मयत व्यक्तीचं नाव अजून चालू असेल तर आधी वारसनोंद करा. तिसरी, नावाचं स्पेलिंग. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं आणि पासबुकावर तिसरं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

बाकी कागद सोपे: आधार कार्ड, बँक पासबुक, पासपोर्ट फोटो, चालू मोबाईल नंबर. 5 टक्क्यांची सवलत हवी असेल तर जातीचा दाखला. विहीर किंवा बोअर डार्क झोनमध्ये, म्हणजे भूजलाचा उपसा जास्त झालेल्या भागात, येत असेल तर भूजल सर्वेक्षण विभागाचा ना हरकत दाखला.

अर्ज महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावर या योजनेच्या पानावरून करायचा. गाव, गट नंबर, पाण्याचा स्रोत आणि खोली, बँकेचा तपशील भरा, कागद अपलोड करा. खोली अंदाजाने टाकू नका. दोर सोडून मोजा, कारण पंप त्या खोलीच्या हिशेबाने बसवला जातो. अर्ज गेला की लाभार्थी क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. मोबाईल जमत नसेल तर सेवा केंद्रातून भरून घ्या, पण नंबर स्वतःचा किंवा घरातल्याचाच द्या. केंद्रवाल्याचा नंबर टाकला की पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात.

छाननीत अर्ज पास झाला की हिस्सा भरण्याचा मेसेज येतो. पैसे फक्त पोर्टलवरूनच भरा. ‘साहेब, तुमचा पंप मंजूर झालाय, या नंबरवर पाठवा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. त्यानंतर यादीतून पुरवठादार कंपनी तुम्ही स्वतः निवडता. निवडण्याआधी गावात कोणाकडे कोणत्या कंपनीचा पंप आहे आणि बिघडल्यावर माणूस किती दिवसांत आला, एवढं विचारा. जाहिरातीपेक्षा हे उत्तर खरं असतं. मग महावितरण आणि कंपनीची माणसं शेतात येऊन संयुक्त पाहणी करतात. त्या दिवशी शेतात हजर राहा आणि पॅनल कुठे बसवायचे ते स्वतः दाखवा: आंब्याची किंवा शेडची सावली पडणार नाही आणि औत वळताना खांबाला अडणार नाही अशी जागा.

पंप बसला की पाणी ओढून दाखवल्याशिवाय कागदावर सही करू नका. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. त्यामुळे पॅनल फुटलं किंवा चोरीला गेलं तर खिशातून मिस्त्री लावू नका. चोरी असेल तर आधी पोलिसांत तक्रार, मग कंपनी आणि महावितरणचा टोल फ्री क्रमांक 1800-233-3435. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.