रास्पबेरी पायवर सेन्सर वाचताना वेळेचं गणित

रास्पबेरी पाय किंवा तसल्याच एखाद्या छोट्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरला सेन्सर जोडला की वेळेची दोन कामं मागे लागतात, एक म्हणजे रीडिंग ठरलेल्या क्षणी घेणं आणि दुसरं म्हणजे आलेलं रीडिंग कोणत्या क्षणाचं होतं हे खरं खरं लिहून ठेवणं. कामं वेगळी आहेत आणि निम्मे घोळ ती एकच समजल्यामुळे होतात. नाशिकच्या माणसाला हे समजवायला दुतोंड्या मारुती, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मारुतीची मूर्ती, पुरेसा आहे. गोदावरीला पूर आला की जो तो विचारतो पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं, गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरायला लागतात, पण फोटो किती वाजताचा आहे हेच माहीत नसेल तर पाणी चढतंय की उतरतंय काही कळत नाही. फोटो पाच मिनिटं उशिरा काढला तरी चालतं, त्यावर वेळ बरोबर पाहिजे. सेन्सरच्या बाबतीतही बहुतेक ठिकाणी असंच असतं, आणि जिथे खरोखरच मायक्रोसेकंद पाळावा लागतो तिथे ते काम आपल्या प्रोग्रामने अंगावर घेऊच नये.

लिनक्स वेळ का चुकवतं

पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला आणि त्याची मजाच ही की तो एवढासा असून पूर्ण कॉम्प्युटर आहे, वायफाय चालतं, कॅमेरा चालतो, डेटाबेस चालतो, आणि हे सगळं एकाच वेळी चालतं. मग आपला पायथनचा प्रोग्राम म्हणजे रांगेतला एक. कर्नल, म्हणजे पायवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, त्याला मध्येच बाजूला काढतं, दुसऱ्याला प्रोसेसर देतं, परत आणतं, आणि या मधल्या वेळेचा आपल्याला पत्ताही नसतो. 'स्लीप' या कमांडचा अर्थ 'किमान इतका वेळ झोप' एवढाच आहे, बरोबर तेवढ्याच वेळाने उठवीन असं वचन त्यात नाही. साध्या प्रोग्रामला तर लिनक्स मुळातच ५० मायक्रोसेकंदांची सूट देऊन ठेवतं म्हणजे जवळजवळचे अलार्म एकत्र वाजवता येतात आणि वीज वाचते. त्यावर पायथनची स्वतःची मेमरीची साफसफाई, एसडी कार्डवर लिहिताना लागणारा धक्का, प्रोसेसरचा वेग कमीजास्त होणं.

सरासरी बघाल तर फसाल. हजार वेळा मोजलं तर बहुतेक वेळा उशीर किरकोळ निघतो, पण मध्येच एखादा काही मिलिसेकंदांचा येतो आणि नेमका तोच नडतो. हा उशीर आवरायला उपाय आहेत, म्हणजे प्रोग्रामला रिअल-टाइम प्राधान्य द्यायचं (बाकीच्यांच्या आधी त्याचा नंबर), प्रोसेसरच्या चार कोरमधला एक त्याच्यासाठी राखून ठेवायचा, त्याची मेमरी लॉक करायची, म्हणजे ती डिस्कवर हलू द्यायची नाही. रिअल-टाइम प्राधान्य दिलं तरी लिनक्स डीफॉल्ट सेटिंगमध्ये असे प्रोग्राम दर सेकंदातले ०.९५ सेकंदच चालू देतं, उरलेला वेळ बाकीच्यांसाठी, नाहीतर एखादा अडकलेला लूप अख्खं मशीन बंद पाडेल. लिनक्सला रिअल-टाइम कामाजोगं करणारे प्रीएम्प्ट-आरटी नावाचे पॅच वीसेक वर्षं मुख्य कर्नलच्या बाहेर होते, ते २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत एकदाचे आत आले. त्याने वाईटातला वाईट उशीर बराच आटोक्यात येतो, पण मायक्रोसेकंदाची हमी मिळते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

डीएचटी२२, म्हणजे डोकेदुखी

तापमान आणि आर्द्रता मोजणारा हा पांढरा जाळीदार डबा स्वस्त आहे, सगळीकडे मिळतो, आणि टायमिंगचे जेवढे म्हणून प्रॉब्लेम आहेत ते सगळे दाखवायला याच्याइतका चांगला नमुना नाही. एकाच वायरवर बोलतो. आपण लाइन साधारण १ मिलिसेकंद खाली ओढायची (याचा धाकटा भाऊ डीएचटी११, त्याला १८ मिलिसेकंद लागतात), मग सेन्सर ८० मायक्रोसेकंद खाली आणि ८० वर करून 'ऐकलं' म्हणतो आणि ४० बिट सोडायला लागतो. प्रत्येक बिटच्या आधी ५० मायक्रोसेकंद लाइन खाली, आणि मग लाइन २६ ते २८ मायक्रोसेकंद वर राहिली तर तो शून्य, ७० राहिली तर एक. शून्य आणि एकमधला फरक जेमतेम ४२ मायक्रोसेकंदांचा. तेवढ्यात कर्नलने आपल्याला बाजूला काढलं की शून्याचा एक होतो नाहीतर बिटच हरवतो, आणि सेन्सर काही परत सांगत नाही, त्याला दोन-दोन सेकंदांनीच विचारायचं असतं.

पिंपळगाव बसवंतजवळ मामांच्या द्राक्षबागेत मी असा एक लावला होता, ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी आणि भुरी या बुरशीच्या रोगांच्या दृष्टीने आर्द्रता कळावी म्हणून, दर मिनिटाला एक रीडिंग. दर दहातलं एक रीडिंग गायब व्हायचं. वायर बदलली, रेझिस्टर बदलला, एमजी रोडवरून नवीन सेन्सर आणला, मग अजून एक आणला, मामा म्हणाले अरे तुझ्या यंत्रापेक्षा माझं नाक बरं. शेवटी लॉग उघडून नुसत्या गायब ओळींच्या वेळा बघितल्या तर सगळ्या १०, २०, ३० अशा मिनिटांवर, आणि दर दहा मिनिटांनी त्याच पायवर कॅमेऱ्याचा फोटो काढून छोटा करून पाठवणारी स्क्रिप्ट मीच लावलेली होती. सेन्सरचं वाचन वीस सेकंद पुढे ढकललं आणि काम झालं. सेन्सर बिचारा पहिल्यापासून बरोबर होता.

या सेन्सरमध्ये शेवटचे आठ बिट चेकसम असतात, आधीच्या चार बाइटची बेरीज. त्यामुळे चुकलेलं रीडिंग बहुतेक वेळा पकडलं जातं, पण दोन चुका एकमेकींना खाऊन बेरीज जुळली असंही क्वचित होतं, म्हणून एका मिनिटात आर्द्रता ४८ वरून ९० वर उडी मारली तर चेकसम काहीही म्हणो, ते रीडिंग टाकून द्यावं.

खरा उपाय म्हणजे मोजायचं काम खाली ढकलणं. लिनक्सच्या कर्नलमध्येच यासाठी ड्रायव्हर आहे, नाव डीएचटी११ असलं तरी २२ पण वाचतो, आणि तो लाइन वरखाली झाल्याची वेळ इंटरप्टमध्येच (पिन हलली की प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) टिपतो, आपल्या प्रोग्रामची वाट बघत नाही. पिगपायओ नावाची लायब्ररी डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवणारी सोय) मदतीने पिनची अवस्था दर ५ मायक्रोसेकंदांनी टिपत राहते, प्रोसेसर कुठेही अडकलेला असो, पण पाय ५ वर ती चालत नाही कारण तिथे पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या. तिसरा मार्ग म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये आलेला पिको, रास्पबेरी पायचाच छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. त्यावर लिनक्स नाही, आणि त्याच्या चिपमध्ये पीआयओची आठ छोटी स्वतंत्र यंत्रं आहेत ज्यांना पिन हलवणं आणि मोजणं एवढंच काम, १२५ मेगाहर्ट्झला एक पाऊल ८ नॅनोसेकंदांचं. पिकोने मोजायचं आणि यूएसबीवरून पायला तयार आकडा द्यायचा, पायने तो साठवायचा, ही जोडी मला सगळ्यात सुखाची वाटते. आणि नवीनच घेणार असाल तर डीएचटी घेऊच नका, आय-टू-सी या दोन वायरींच्या पद्धतीने बोलणारा बीएमई२८० हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर घ्या, त्यात घड्याळाची वेगळी वायर असते आणि तिच्यावरचे ठोके पायच देतो, पाय दोन मिलिसेकंद थांबला तरी सेन्सरला फरक पडत नाही.

शेततळ्याची पातळी

एचसी-एसआर०४ हा दोन डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर शेततळ्यावर किंवा गच्चीवरच्या टाकीवर लावणारे बरेच आहेत. १० मायक्रोसेकंदांचा ट्रिगर दिला की तो ४० किलोहर्ट्झचे आठ ठोके सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंत एको पिन वर ठेवतो, ती किती वेळ वर होती यावरून अंतर, साधारण ५८ मायक्रोसेकंदांना एक सेंटीमीटर. आता हिशोब करा, पायथनच्या लूपने पिन खाली आलेली १ मिलिसेकंद उशिरा बघितली तर पाणी एकदम १७ सेंटीमीटर खाली गेलेलं दिसतं. म्हणून इथेही कर्नलने दिलेली इंटरप्टची वेळ घ्यावी, एकावेळी पाच-सात रीडिंग घेऊन मधलं उचलावं. सरासरी नको, एक वेडं रीडिंग सरासरी बिघडवतं. आणि एको पिन ५ व्होल्टची, पायची पिन ३.३ व्होल्टची, मध्ये दोन रेझिस्टर टाकल्याशिवाय जोडू नका.

पण वेळ कितीही अचूक मोजली तरी इथे हवा दगा देते. आवाजाचा वेग ५ अंशाला साधारण सेकंदाला ३३४ मीटर आणि ४० अंशाला ३५५ च्या आसपास. निफाडची जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यात सहा टक्क्यांचा फरक पडतो, दोन मीटरवर १२ सेंटीमीटर. त्यामुळे शेजारी तापमानाचा सेन्सर लावून दुरुस्ती केल्याशिवाय नॅनोसेकंदांच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही.

त्या तापमानासाठी डीएस१८बी२० छान. तोही एका वायरवर आणि तोही मायक्रोसेकंदांचाच हिशोब करतो, पण ते सगळं कर्नलचा ड्रायव्हर सांभाळतो आणि आपण नुसती एक फाइल वाचायची. पूर्ण १२ बिटच्या बारकाईने एक रीडिंग घ्यायला ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात. नेमकं ८५ अंश आलं तर शंका घ्या, वीज चालू झाल्यावरची, अजून काही मोजलेलं नसतानाची कोरी पाटी म्हणजे ८५.

किती काटेकोर हवं

हे आधी विचारायचं असतं आणि सगळे शेवटी विचारतात. बागेतलं तापमान दहा मिनिटांत एखादा अंश हलतं, तिथे एक सेकंद इकडेतिकडे झाला तर कोणाचंही काही बिघडत नाही. सातपूर-अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये १४४० आरपीएमच्या मोटरचं कंपन मोजायचं असेल तर गोष्ट वेगळी. ते सेकंदाला २४ फेरे, आणि अशा लाटेवर रीडिंग १ मिलिसेकंद चुकलं तर त्यात लाटेच्या उंचीच्या १५ टक्क्यांपर्यंत चूक शिरते. मग ग्राफमध्ये जे बेअरिंगचं खराबपण दिसतं ते बेअरिंगचं की लिनक्सचं हे कोण सांगणार. अशा वेळी सेन्सरच्या पोटातली रांग वापरायची. एमपीयू६०५० या कंपन-हालचालीच्या सेन्सरमध्ये १०२४ बाइटची जागा असते, नुसतं त्वरण सेकंदाला हजार वेळा घेतलं तर साधारण १७० मिलिसेकंद तो स्वतःच्या घड्याळावर मोजून साठवतो, आपण मधूनमधून जाऊन उचलून आणायचं. अर्थात चिपच्या पोटातलं घड्याळही देव नाही. एडीएस१११५ या व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या चिपला सेकंदाला ८६० रीडिंगचा वेग सांगितला तरी प्रत्यक्षात दहा टक्के कमीजास्त असू शकतो, म्हणून त्याच्या रेडी पिनवर इंटरप्ट लावून प्रत्येक रीडिंगची वेळ टिपलेली बरी.

सरकणारा लूप

रीडिंग घ्या, लिहा, १० सेकंद झोपा, परत. दिसायला बरोबर आहे, पण रीडिंगला आणि लिहायला मिळून ०.८ सेकंद लागत असतील तर एक फेरा १०.८ सेकंदांचा होतो आणि दिवसाला ८६४० ऐवजी ८००० च रीडिंग हाती येतात. उशीर साचत जातो. पुढची वेळ सुरुवातीपासून मोजायची, म्हणजे सुरुवात अधिक १०, अधिक २०, अधिक ३०, आणि त्या वेळेला जेवढं बाकी असेल तेवढंच झोपायचं. लोकल दोन मिनिटं उशिरा आली म्हणून पुढचं अख्खं टाइमटेबल कोणी दोन मिनिटांनी सरकवत नाही. हा हिशोब मोनोटॉनिक घड्याळावर करायचा, जे फक्त पुढेच जातं. भिंतीवरचं घड्याळ, म्हणजे तारीख-वेळवालं, इंटरनेटवरून दुरुस्त होताना मागे-पुढे उडी मारतं आणि लूप एकतर तासभर झोपतो नाहीतर दणादण पळत सुटतो.

घड्याळच चुकलं तर

पाय ५ च्या आधीच्या कोणत्याही मुख्य पाय बोर्डवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नव्हतं, आणि ५ वर आहे तरी बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट गेली, पाय बंद पडला, पाच तासांनी आली, तर पाय शेवटची साठवलेली वेळ धरून उठतो आणि नेट मिळेपर्यंत त्याच चुकीच्या वेळेवर लिहीत बसतो. शेडवर नेट नसेल तर संपलंच. थंडीच्या लाटेत बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडतात, आणि लॉग म्हणतो सगळ्यात कमी तापमान रात्री १ वाजता होतं. डीएस३२३१ या बॅटरीवरच्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलं की हा त्रास जातो. त्याची चूक ० ते ४० अंशांत दहा लाखाला २, म्हणजे वर्षाला जेमतेम एक मिनिट. नेट असेल तर एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत, पुरे, आणि त्याहून बारीक हवं असेल तर जीपीएसच्या चिपमधून दर सेकंदाला निघणारा ठोका एका पिनवर घेऊन क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रामला द्यायचा, घड्याळ मायक्रोसेकंदांच्या घरात जुळतं.

साठवताना वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा. आणि उन्हाचा सेन्सर लावल्यावर दुपारी बारा वाजता टोक दिसत नाही म्हणून घड्याळाला हात लावू नका. आपली वेळ ८२.५ रेखांशाची आहे, नाशिक ७३.८ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य डोक्यावर यायला साधारण १२ वाजून ३५ मिनिटं होतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास आणि फेब्रुवारीत पाऊण वाजून गेल्यावर. ग्राफ तसाच दिसत असेल तर तुमच्या पायचं घड्याळ बरोबर आहे.