डॉक्युमेंटेशनचा बिल्ड अडला तर काय पाहावं? – ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या ओपन सोर्स प्रकल्पाचं डॉक्युमेंटेशन आम्ही स्फिंक्समध्ये (साध्या मजकुरापासून वेबपानं बनवणारं साधन) मांडून दिलं आहे आणि ते रीड द डॉक्स या संकेतस्थळावर प्रकाशित होतं. मजकुरापासून पानं तयार करण्याची ही क्रिया म्हणजे बिल्ड. त्याबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "आमच्या मशीनवर सगळं नीट चालतं, सर्व्हरवर मात्र बिल्ड फेल होतो. असं का?"

बहुतेक वेळा आपल्या मजकुरात काहीच खोट नसते. आपल्या मशीनवर पूर्वी कधीतरी टाकलेली पॅकेजेस असतात, सर्व्हर मात्र दर वेळी कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, जे लिहिलेलं नाही, ते त्याच्यासाठी नाहीच. म्हणून आधी एक नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) करा, त्यात फक्त त्या फाइलमधली पॅकेजेस टाका आणि बिल्ड चालवा. तीच एरर घरच्या मशीनवर दिसली की अर्धं काम झालं.

लॉग, म्हणजे बिल्डची ओळीओळीने नोंद, वाचताना शेवटच्या ओळीवर थांबू नका. तिथे फक्त बिल्ड फेल झाल्याचं कळतं. वर जाऊन पहिली एरर शोधा; खालच्या पुष्कळशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

"मॉड्यूल नॉट फाउंड" दिसलं तर थीम किंवा एक्स्टेन्शन रिक्वायरमेंट्सच्या यादीत लिहायचं राहिलं आहे. पण ऑटोडॉकचं प्रकरण वेगळं आहे. ऑटोडॉक हे स्फिंक्सचं एक्स्टेन्शन कोडमधल्या डॉकस्ट्रिंग (फंक्शनसोबत लिहिलेलं वर्णन) वाचून पानं बनवतं आणि त्यासाठी आपला कोड खरोखर इम्पोर्ट करतं, म्हणजे चालवून आत घेतं. कोडला लागणारी लायब्ररी सर्व्हरवर नसेल तर ते फक्त वॉर्निंग देऊन पुढे जातं. बिल्ड पास दिसतो आणि एपीआयचं (कोडमधल्या फंक्शन्सच्या माहितीचं) पान रिकामं निघतं. ही चूक वाचकाला आधी दिसते, आपल्याला नंतर, म्हणून आम्हाला ती सर्वांत घातक वाटते. लायब्ररी रिक्वायरमेंट्सच्या यादीत घाला. ती फार जड असेल तर स्फिंक्सच्या कॉन्फिगरेशनमधल्या 'ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स' या यादीत तिचं नाव द्या, म्हणजे तिच्या जागी नकली लायब्ररी धरली जाते. शिवाय वॉर्निंगलाही एरर मानणारा डब्ल्यू पर्याय (कॅपिटल डब्ल्यू) चालू ठेवा, असा आमचा आग्रह आहे.

आपण एक ओळही बदलली नसताना बिल्ड मोडला, तर आवृत्त्या तपासा. मार्च २०२२ मध्ये जिंजा ३.१ (स्फिंक्स पानांच्या साच्यांसाठी वापरतं ती लायब्ररी) आलं, त्यातून काही जुनी फंक्शन्स काढली गेली आणि जुन्या स्फिंक्सवरचे कितीतरी प्रकल्प अचानक बंद पडले. जिंजा ३.१ च्या खाली रोखून तात्पुरतं भागतं, पण खरा उपाय म्हणजे स्फिंक्स अपडेट करून सगळ्या आवृत्त्या नेमक्या आकड्यांसह लिहून ठेवणं. सप्टेंबर २०२३ पासून रीड द डॉक्सला रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात) स्वतःच्या कॉन्फिगरेशनची यॅमल या स्वरूपातली फाइलही लागते. जुन्या प्रकल्पात ती नसेल तर बिल्ड होणारच नाही.

चित्र सर्व्हरवर दिसत नसेल तर फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं बघा. विंडोजला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो.

मराठीत पानं लिहिणाऱ्यांसाठी दोन खास गोष्टी. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये (स्फिंक्सची पानं लिहायची पद्धत) शीर्षकाखालची चिन्हांची रेघ शीर्षकापेक्षा आखूड असली की वॉर्निंग येते आणि तिथे काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. 'सुरुवात' डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द, पण मोजणीत सात. पाच चिन्हांची रेघ पुरेशी दिसते आणि तरी वॉर्निंग येते. रेघ मोकळ्या हाताने लांब ओढा, लांब रेघ चालते. दुसरं, पीडीएफ बनवणारं नेहमीचं इंजिन, पीडीएफलाटेक, देवनागरीला उपयोगाचं नाही. कॉन्फिगरेशनमध्ये लाटेक इंजिन म्हणून झीलाटेक लिहा आणि देवनागरी फॉन्टचं नाव द्या.

नवं पान जोडल्यावर आपल्या मशीनवर जुन्या पानांच्या बाजूच्या यादीत ते दिसत नसेल तर घाबरू नका. स्फिंक्स फक्त बदललेली पानं पुन्हा लिहितं. 'मेक क्लीन' ही आज्ञा देऊन आधी तयार झालेली पानं पुसा आणि बिल्ड पुन्हा चालवा.

एवढं करूनही अडलं तर आम्हाला कळवा. स्क्रीनशॉट नको, पहिल्या ओळीपासूनचा पूर्ण लॉग मजकूर म्हणून पाठवा. पायथन व स्फिंक्सची आवृत्ती आणि बिल्ड शेवटचा नीट चालला तो कमिट (रिपॉझिटरीतल्या बदलाची नोंद), हेही सोबत लिहा.