डॅश ए: एक मायना लिहितो, एक कागद जोडतो

रात्री साडेदहाला बेळगावच्या उद्यमबागेतून फोन वाजला की उचलायच्या आधीच मला कळतं, आज टीसी गेले नाहीत. टीसी म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. फाउंड्रीत हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेला धातू, ओतली की त्या धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, मँगनीज किती, याचा कागद मालाबरोबर गिऱ्हाइकाला पोचावा लागतो. तो नसेल तर इथून गेलेली गाडी कोल्हापूर-पुण्याच्या गेटवर उभी राहते आणि ड्रायव्हर आमच्या नावानं शंख करतो. हे कागद रात्री एक स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, आपोआप मेल करते. स्क्रिप्ट माझी, त्यामुळे शंखही माझ्याच वाट्याला.

त्या रात्री फोनवर स्टोअरमधले मामा होते. मी एकेक अक्षर सांगत होतो, "मेल, स्पेस, डॅश एस, मग विषय, मग डॅश ए, मग फाईलचं नाव..." मामा मध्येच थांबले. "ए लहान का मोठा?"

मी बेधडक "लहान" म्हणालो. जुन्या मशीनवर चार वर्षं लहानच चालला होता. पण जुन्या मशीनवरच्या सेंटओएस ७ या लिनक्सचा आधार ३० जून २०२४ ला संपला, म्हणून आम्ही नवीन मशीन घेऊन त्यावर उबुंटू हे दुसरं लिनक्स टाकलं होतं आणि स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून ठेवली होती. मामांनी टाईप केलं, एंटर मारलं, कुठली तक्रार नाही. "गेलं बघा," म्हणाले. सकाळी गिऱ्हाइकाचा फोन: मेल आलाय, सोबत काही नाही.

इथं दोन गोष्टींची गल्लत आहे आणि ती नावाच्या सारखेपणामुळं होते. आपल्या भागात हे कुणाला वेगळं सांगायला नको. मराठी घरात "ताई" म्हटलं की थोरली बहीण वळून बघते, शेजारच्या कन्नड घरात "तायी" म्हटलं की आई. कानाला एकच, नातं वेगळं. उबुंटूवरचा "मेल" आणि सेंटओएसवरचा "मेल" यांचंही असंच आहे. हाक एकच, ओ देणारा प्रोग्रॅम वेगळा, आणि त्याच्या लेखी "डॅश लहान ए" चा अर्थही वेगळा.

"मेल" या हाकेला ओ देणाऱ्या प्रोग्रॅमचं एक नाव मेलएक्स. सेंटओएस ७ वर जो मेलएक्स असतो तो हेअरलूम मेलएक्स. मूळचं नाव नेल, लिहिणारे गुन्नार रिटर. तिथं डॅश लहान ए म्हणजे "ही फाईल जोड". उबुंटूवर किंवा ते ज्यावर बेतलंय त्या डेबियनवर बीएसडी-मेलएक्स नावाचं पॅकेज टाकलं असेल, तर तिथं डॅश लहान ए म्हणजे "मायन्यात ही ओळ घाल".

मायना हा शब्द मुद्दाम वापरतोय. शाळेत पत्रलेखनाला गुण असायचे तेव्हा मायन्याला वेगळे आणि मजकुराला वेगळे मिळायचे. ईमेललाही मायना असतो, कॉम्प्युटरवाले त्याला हेडर म्हणतात. कुणाकडून, कुणाला, विषय, तारीख, मजकूर कुठल्या प्रकारचा, अशा ओळी. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग कोलन, मग किंमत. या ओळी संपल्या की एक रिकामी ओळ, आणि तिच्याखाली मजकूर.

जोडलेली फाईल मायन्यात कुठंच नसते. ती मजकुराच्या जागेत असते, आणि ती तिथं बसवायला मजकुराची सगळी मोडतोड करावी लागते. ही रीत ठरली १९९२ च्या जूनमध्ये, आरएफसी १३४१ या इंटरनेटच्या नियमपत्रात. लिहिणारे नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड. रीतीचं नाव माईम. मजकुराचे तुकडे पाडायचे, तुकड्यांच्या मध्ये एक ठरावीक खूण टाकायची, प्रत्येक तुकड्याला त्याचा छोटा मायना द्यायचा, आणि पीडीएफसारखी फाईल बेस-६४ करून साध्या अक्षरांत उतरवायची. मायन्यात एक ओळ वाढवणं हे त्यापुढं चिल्लर काम. म्हणजे एकाच अक्षराला एका घरी पाटीवर नाव रंगवायला लावलंय आणि दुसऱ्या घरी पोटमाळा बांधायला.

असं का झालं याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात कर्ट शोएन्स यांनी १९७८ मध्ये मेल लिहिला तेव्हा माईम यायला चौदा वर्षं होती. जोडणी हा विषयच नव्हता. पुढं पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या प्रमाणानं मेलएक्सचे पर्याय ठरवून दिले, त्यात डॅश ए नाहीच. जागा रिकामी होती. मग ज्यानं त्यानं आपल्या गरजेनं ती भरली. हेअरलूमला जोडणी हवी होती, त्यानं ए घेतला. डेबियनच्या बीएसडी-मेलएक्सला मायन्याची ओळ हवी होती, त्यानंही ए घेतला. दोघांपैकी कुणी चुकलं असं म्हणता येत नाही, भोगतो मात्र स्क्रिप्ट हलवणारा.

आता यातला सगळ्यात वाईट भाग. चूक दोन्ही दिशांनी होते, पण आवाज एकाच दिशेनं येतो.

समजा उबुंटूवर लिहिलेली स्क्रिप्ट सेंटओएसवर नेली. तिच्यात डॅश ए पुढं "कन्टेन्ट-टाईप कोलन टेक्स्ट स्लॅश एचटीएमएल" असं आहे, म्हणजे मेल रंगीत तक्त्यासकट दिसावा. हेअरलूमला वाटतं हे फाईलचं नाव. तो त्या नावाची फाईल शोधतो, सापडत नाही, आणि "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी" म्हणून तिथंच बसतो. शिवी दिसते, माणूस दुरुस्त करतो.

उलट दिशेनं, म्हणजे आमच्या बाबतीत झालं तसं, बीएसडी-मेलएक्सला फाईलचा रस्ता मिळतो आणि तो निमूट मायन्यात घालतो. त्या ओळीत कोलन आहे का, फाईल डिस्कवर आहे का, काही बघत नाही. मेल जातो. पुढच्या मेल सर्व्हरला कोलन नसलेली ती ओळ म्हणजे मायना संपल्याची खूण वाटू शकते. आमच्या गिऱ्हाइकाला मेलमध्ये वर एक ओळ दिसली, स्लॅश होम स्लॅश टीसी असं काहीतरी, आणि त्यांनी मला विचारलं की हे पासवर्ड वगैरे आहे का.

यात भर म्हणजे स्क्रिप्टच्या शेवटी मी तपासणी ठेवली होती: कमांडनं शून्य, म्हणजे "काम झालं" ही खूण, परत केलं तर लॉगमध्ये "गेला" लिहायचं. त्या शून्याचा अर्थ एवढाच की मेल आपल्याच मशीनवरच्या पोस्टाच्या पेटीत पडला. पुढं गेला का ते मेलक्यू, म्हणजे पेटीत अडकलेल्या मेलची यादी दाखवणारी कमांड, सांगतो, आणि मेल सर्व्हरचा लॉग. उबुंटूवर तो व्हार-लॉगमधल्या मेल डॉट लॉगमध्ये, सेंटओएसवर मेललॉगमध्ये. पण पेटीत पडलेल्या पाकिटात कागद होता का, हे तिन्हीपैकी कुणीच सांगत नाही.

मग मामांच्या प्रश्नातला मोठा ए कुठला? तो तिसऱ्या भावाचा. उबुंटूवर मेलयुटिल्स नावाचं ग्नू प्रकल्पाचं पॅकेज टाकलं तर त्यातही "मेल" येतो. तिथं लहान ए म्हणजे मायन्याची ओळ आणि मोठा ए म्हणजे जोडणी. शिवाय हा भाऊ बोलका आहे: लहान ए पुढं कोलन नसलेलं काही दिलं तर "इनव्हॅलिड हेडर" म्हणून ओरडतो. मला विचाराल तर तिघांत हाच शहाणा. पण हाच मोठा ए सेंटओएसवर नेला तर हेअरलूमच्या लेखी तो खात्याचं नाव, म्हणजे कुठल्या अकाउंटची मांडणी वापरायची ते. आणि बीएसडी-मेलएक्सला मोठा ए माहीतच नाही. तो वापराची पद्धत छापून गप्प बसतो. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ च्या घराण्यात, म्हणजे सेंटओएसच्याच मूळ घरात, हेअरलूमची जागा एस-नेलनं घेतली आहे, तिथं लहान ए जोडणीचाच राहिला. एवढं एक सुख.

म्हणून हल्ली मामांनी लहान का मोठा विचारलं की मी आधी मशीन कुठलं ते विचारतो. मशीनसमोर बसलेल्याला शोधणं अवघड नाही. रीडलिंक डॅश एफ करून मेलचा रस्ता दिला की शेवटी खरं नाव बाहेर येतं, बीएसडी-मेलएक्स किंवा मेल डॉट मेलयुटिल्स. उबुंटूवर दोन्ही असतील तर अपडेट-अल्टरनेटिव्हज् वापरून कुणी ओ द्यायची ते ठरवता येतं. आणि मॅन मेल, म्हणजे मेलची माहितीपुस्तिका, उघडून लहान ए समोर काय लिहिलंय ते वाचायला अर्धा मिनिट लागतो. तो मी वाचवला होता.

आता जोडणीचीच, पण उलटी गल्लत. तुम्ही काही जोडलेलंच नसतं आणि समोरच्याला जोडणी मिळते. हेअरलूममध्ये हे होतं आणि मराठीत लिहिणाऱ्यालाच जास्त चावतं. हातानं स्क्रिप्ट चालवली की मेलचा मजकूर नीट: "नमस्कार, आजच्या हीटचे टीसी सोबत जोडले आहेत." खाली हुबळीच्या गिऱ्हाइकासाठी तेच कन्नडमध्ये. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉननं तीच स्क्रिप्ट रात्री चालवली की मेल कोरा, आणि खाली नावाच्या शेवटी "डॉट बिन" असलेली एक फाईल. ती उघडायला कुणी धजत नाही, व्हायरस समजून उडवतात. कारण असं की क्रॉनच्या घरात भाषेची मांडणी बहुधा नुसती "सी", म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपुरती, असते. त्या मांडणीत देवनागरी किंवा कन्नड अक्षरं म्हणजे न ओळखता येणारे बाइट. हेअरलूम मग हा मजकूर नव्हे असं ठरवून अख्खा मजकूरच ऑक्टेट-स्ट्रीम, म्हणजे नुसत्या बाइटची फाईल, म्हणून पाठवतो. विंडोजवर लिहिलेल्या फाईलमधल्या ओळीच्या टोकाच्या खुणांनीही तेच होतं. पहिल्यावर उपाय: स्क्रिप्टच्या वरच लँग, म्हणजे भाषेची मांडणी ठरवणारी सेटिंग, तिची किंमत यूटीएफ-८ वाली करायची, एमआर-आयएन चालते, केएन-आयएन चालते, फक्त ती मशीनवर बसवलेली हवी. दुसऱ्यावर: टीआर डॅश डी करून त्या खुणा काढायच्या.

कुणी जुना जाणता भेटला तर तो यूयूएनकोडची पाइप सुचवेल. ते मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये लिहिलं, माईमच्या बारा वर्षं आधी. फाईल अक्षरांत उतरवून सरळ मजकुरात ओतायची. ज्याला ते ओळखता येत नाही त्याला "बिगिन ६४४" आणि खाली एम नं सुरू होणाऱ्या ओळीच ओळी दिसतात. आज नव्यानं करू नये.

आकाराचं एक ध्यानात ठेवा. बेस-६४ मध्ये तीन बाइटची चार अक्षरं होतात, वर ओळी मोडण्याचा खर्च. २० एमबीची फाईल जाताना साधारण २७ एमबी होते आणि जीमेलच्या २५ च्या दारात अडते.

आम्ही शेवटी काय केलं? दोन्ही मशीनवर मट हा वेगळा मेल प्रोग्रॅम टाकला. त्यात डॅश लहान ए म्हणजे जोडणी, उबुंटूवरही आणि सेंटओएसवरही. पण त्याचीही एक खोड आहे: डॅश ए पुढं एकापेक्षा जास्त फाईली देता येतात, त्यामुळं फाईली संपल्या हे सांगायला दोन डॅश टाकून मगच पत्ता लिहायचा. ते विसरलं की पत्त्यालाही तो फाईल समजतो. दुसरी खोड कळायला आम्हाला आठ महिने लागले. मट पाठवलेल्या प्रत्येक मेलची प्रत जोडणीसकट घरच्या फोल्डरात सेंट नावाच्या एकाच फाईलीत ठेवत जातो. एका सकाळी मामांचा फोन, डिस्क भरली म्हणून, आणि शोधता शोधता ती फाईल सापडली, आत आठ महिन्यांचे सगळे टीसी. आता कमांडमध्ये डॅश ई पुढं "सेट कॉपी इक्वल टू नो" असतं, आणि ते मामांना फोनवर सांगताना ई लहानच.